गजरामावशीचे पाव्हणे

गजरामावशीला महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात एक तरी नातेवाईक होता. निदान ती तसं सांगायची. समोर माणूस आला की तिचा पहिला प्रश्न, "गाव कंचं?" आणि उत्तर मिळालं की लगेच, "म्हंजे आमच्या चुलतजावंचं माहेर की. वेशीजवळ मोठं चिंचंचं झाड हाय बगा." वेशीजवळ चिंचेचं झाड नसलेलं गाव आपल्याकडं सापडणं अवघड, त्यामुळं ती सहसा चुकायची नाही. एकदा तेलंगणातून आलेल्या एका म्हाताऱ्या मजुरानं सांगितलेलं गावाचं नाव तिला धड उच्चारताही आलं नाही. ती क्षणभर अडखळली, मग म्हणाली, "आमचा थोरला दीर ट्रकवर हुता. त्यो जायचा तिकडनं." एवढ्या धाग्यावर तो म्हातारा तिचा भाऊ झाला, आणि बारामतीत होता तोवर भाऊच राहिला.

मी बारामतीच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून नोकरीला लागले तेव्हा मावशी तिथं कक्षसेविका होती. बुटकी, रुंद, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, पदर कमरेला खोचलेला. आवाज असा की तिनं वॉर्डात हाक मारली की फाटकाबाहेरचा रिक्षावाला वळून बघायचा. रोज कन्हेरीहून यायची. यजमान, म्हणजे तात्या, स्कूटरवरून सोडायचे आणि गाडी वळवताना न चुकता विचारायचे, "डबा घेतलास न्हवं?" ती न चुकता डबा विसरलेली असायची.

माझ्या नोकरीचा तिसरा दिवस होता. एसटी स्टँडवरून एका रिक्षावाल्यानं एक माणूस आणून पायरीवर बसवला आणि तो निघून गेला. त्या माणसाचा उजवा पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला होता. त्याला आत घेऊन पिशवी सोडली तशी वासानं खोली रिकामी झाली. जखमेत अळ्या होत्या. काय करायचं ते मला पुस्तकातून पाठ होतं, पण हातमोजे घालून मी नुसतीच उभी राहिले. मावशीनं पायानं स्टूल ओढलं, त्याच्यासमोर बसली आणि पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला.

"बाई, तुमी तेलाची बाटली धरा फकस्त," ती मला म्हणाली. मग त्याच्याकडं वळून, "गाव कंचं, आबा?"

ती जखमेत टर्पेंटाइनचं तेल सोडत राहिली, चिमट्यानं एकेक अळी काढत राहिली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "करमाळ्याकडचं."

"आसं व्हय. आमची मावसबहीण दिलीया तिकडं. तिच्या सासूला लई राग. जावयाच्या पानात मीठ कमी पडलं म्हणून ती दोन दिस बोलली न्हवती, सोताशीच."

अर्धा तास हे चाललं. त्या सासूच्या गोष्टी संपल्या तेव्हा जखम लालबुंद आणि स्वच्छ झाली होती, आणि तो माणूस विचारत होता, "मग जावई परत आला का न्हाय?"

हात धुताना मी तिला विचारलं, खरंच तिची मावसबहीण तिकडं आहे का. ती म्हणाली, "आसंल की कुणीतरी." मग हात पुसत, "मानूस तोंड धुवून येतो, बाई, पर पाय लपवतो. पायाची लाज वाटती त्याला. त्याला बोलता ठिवावं लागतं."

दवाखान्याच्या नोंदवहीत अशा माणसांसाठी एक शब्द होता, बेवारस. मावशीला तो अजिबात खपत नसे. "बेवारस सामान आसतं," ती म्हणायची, "स्टँडवर वरडून सांगत्यात तसलं." ती त्यांना पाव्हणे म्हणायची. "बाई, भाईर दोन पाव्हणं आल्यात," असं तिनं सांगितलं की आम्ही समजायचो, पुलाखालचं, स्टँडवरचं किंवा देवळाच्या ओट्यावरचं कुणीतरी आलंय.

ती निवृत्त झाली तेव्हा साडी, नारळ, दोन भाषणं असं सगळं यथासांग झालं. मावशी भाषणात झोपली. आम्हाला वाटलं, आता ती घरी नातवंडांत रमेल. पुढच्या मंगळवारी संध्याकाळी चारला स्टँडवरच्या चहावाल्याचा मला फोन आला. "म्याडम, तुमच्या मावशी हितं बसल्यात. लोकांचं पाय धुवायल्यात. काय करू?"

मी म्हटलं, "गरम पाणी द्या."

"त्ये तर त्यांनी कवाच घेतलंय," तो म्हणाला.

जाऊन पाहिलं तर स्टँडच्या मागच्या भिंतीपाशी सावलीत मावशी पाटावर बसली होती. समोर दोन प्लॅस्टिकचे टब, चहावाल्याकडून घेतलेल्या गरम पाण्याची बादली, त्यात चिमूटभर लाल औषध, खांद्यावर पंचा. एका म्हाताऱ्याचे पाय टबात होते. त्यानं डोळे मिटून घेतले होते आणि चेहरा असा, की जणू स्वतःच्या अंगणात बसलाय. पाहुणा आला की आधी त्याला पायांवर घ्यायला पाणी द्यायचं, ही आपल्याकडची साधी रीत. मावशी तेवढंच करत होती. फक्त अंगण एसटीचं होतं.

नखांचा प्रश्न मात्र अवघड होता. वर्षानुवर्षं अनवाणी चाललेल्या माणसाची नखं शिंगासारखी होतात, नेलकटर त्यांच्यापुढं मोडतो. तिसऱ्या मंगळवारी मावशीनं पिशवीतून एक दणकट कात्री काढली. लाल मुठीची, स्प्रिंगवाली, लख्ख.

"हे काय?" मी विचारलं.

"छाटणीची कात्री. तात्याची. डाळिंबाच्या बागंतली. कुकरात चार शिट्ट्या घिऊन आणलीया, भिऊ नगा."

तिकडं कन्हेरीत तात्या दर मंगळवारी गोठ्यात, शेडमध्ये, बांधावर कात्री शोधायचे. हे दीड महिना चाललं. मग एके दिवशी ते काही कामानं स्टँडवर आले आणि त्यांना आपली कात्री एका अनोळखी माणसाच्या अंगठ्यावर दिसली. ते बराच वेळ पाहत उभे राहिले. मला वाटलं, आता भांडण होणार. तात्या जवळ येऊन म्हणाले, "आगं, आशी उभी धरू नगं. तिरकी धर. फांदी चिरंल." आणि त्यांनी तिला कात्री कशी धरायची ते दाखवलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःसाठी नवी कात्री आणली.

मी मंगळवारी ओपीडी आटोपून तिकडं जाऊ लागले. बरोबर साखर तपासायचं यंत्र, बीपीचं यंत्र, पट्ट्या, धनुर्वाताची इंजेक्शनं. मावशीला मी एक नियम घालून दिला होता: ज्याचा पाय बधिर असेल, काळा पडला असेल, त्याला कात्री लावायची नाही, माझ्याकडं पाठवायचं. बधिरपणा तपासायची तिनं स्वतःची तऱ्हा काढली. खराट्याची काडी घ्यायची, माणसाला डोळे मिटायला लावायचे आणि तळव्यावर कुठंतरी टेकवून विचारायचं, "सांगा, कुठल्या गावाला आलो?" टाच म्हणजे बारामती, अंगठा म्हणजे इंदापूर, मधला खळगा म्हणजे भवानीनगर. सगळे हसायचे. ज्याला भवानीनगर कळायचं नाही त्याला ती हसत हसतच माझ्याकडं ढकलायची आणि त्याच्या पाठीमागून मला डोळ्यानं खूण करायची. साखरेचे कितीतरी रोगी मला त्या काडीनं दिले.

एकदा एका पतसंस्थेचे संचालक वाढदिवसाची केळी वाटायला आले. बरोबर फोटोवाला. मावशीनं केळी ठेवून घेतली, आभार मानले आणि त्यांच्यासमोर पाट सरकवला. "बसा दादा. ह्या आबांची टाच घासायचीया. माजी कंबर धरलीया." ते फोटोवाल्याकडं पाहू लागले. "त्यांनाबी पाट दिऊ का?" मावशीनं विचारलं. फोटोवाला एकदम कामाची आठवण होऊन निघून गेला. संचालक बसले. पांढऱ्या कपड्यांवर लाल पाणी उडवून घेत त्यांनी दोन म्हाताऱ्यांचे पाय घासले. पुढच्या वाढदिवसाला ते आले ते एकटेच, आणि बाह्या आधीच दुमडून.

असं सगळं गमतीत चाललं असताना ती बाई आली.

कालव्याच्या पुलाखाली ती राहायची. चाळिशीच्या आतबाहेरची, केसांच्या जटा झालेल्या, कुणी जवळ गेलं की दगड उचलणारी. डाव्या पायाला लाल फडकं बांधलेलं आणि चालताना तो पाय उचलून टाकलेला. मावशीनं तिला लांबूनच हेरलं. "बोटात काय तरी रुतलंय तिच्या," ती मला म्हणाली. "मांडी घालून बसती तवा पायाचं दुसरं बोट मोकळं धरती."

मी घाई केली. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. जंतू रक्तात गेले तर बाई दगावेल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मावशीला न सांगता मी एका सकाळी रुग्णवाहिका, दोन कर्मचारी आणि एक महिला पोलीस घेऊन पुलाखाली गेले. गाडी थांबलेली दिसताच ती उठली आणि त्या सडक्या पायानं कालव्याच्या कडेकडेनं पळत सुटली. आम्ही तिच्या मागं धावलो, त्यामुळं ती आणखी जोरात पळाली. मग दिसेनाशी झाली.

मावशीला कळलं तेव्हा ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पंचा पिळत ती म्हणाली, "पाव्हणीकडं आसं जात्यात व्हय, बाई, चार जणं घिऊन?"

त्यानंतर तिनं सुटणाऱ्या प्रत्येक गाडीच्या कंडक्टरला गाठलं. "लाल फडकं बांधलेला डावा पाय. दिसला तर मला सांगा. तिला काय म्हणू नगा." दहा-बारा दिवस काही कळलं नाही. मग इंदापूरच्या गाडीवरच्या कंडक्टरनं निरोप आणला: बाई इंदापूर स्टँडवर आहे, पाण्याच्या टाकीमागं.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मावशी टब, बादली आणि पाट घेऊन निघाली. मी येते म्हटलं. "तुमी येऊ नगा. मी सांगंन तवा या." मी मुकाट्यानं मागं राहिले. हंगामाचे दिवस होते. भवानीनगरच्या अलीकडंच तिची गाडी उसाच्या ट्रॅक्टरांमागं अडकली आणि ती इंदापुरात पोचली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं, असं तिनं नंतर सांगितलं.

तिथं तिनं काय केलं, तर त्या बाईपासून दहा-बारा पावलांवर पाट मांडला, टबात गरम पाणी ओतलं आणि स्वतःचे पाय धुतले. सावकाश धुतले. नखं कापली, टाचांना तेल लावलं, पंचानं बोटांच्या बेचक्या पुसल्या आणि सामान आवरून परतीच्या गाडीत बसली. बाईकडं एकदाही पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. तिथला झाडणारा तिला म्हणाला, "मावशी, तुमच्या घरी पानी न्हाय का?"

"हाय की," मावशी म्हणाली. "पर हितलं पायाला मानवतं."

दर शुक्रवारी मी विचारायचे, कशी आहे. "लंगडती. पर आता बघती माज्याकडं." नंतर, "आज चार पावलं आली." मी म्हटलं, "मावशी, उशीर होतोय. नुसतं बोट कापून भागलं तरी नशीब म्हणायचं."

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पर धरून आणली तर पाय ऱ्हाईल आन बाई जाईल."

सातव्या आठवड्यात तिनं निरोप दिला. "येत्या बेस्तरवारी या. बॅगंत समदं घ्या. पर लांब बसा, पाशिंजरावाणी."

मी प्रवाशासारखी बाकावर बसले, मांडीवर बॅग. मावशी पाय टबात सोडून, समोर कुणी नसताना, तात्यांच्या कात्रीची हकिगत रंगवून सांगत होती. कात्री अंगठ्यावर सापडली इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा टाकीमागून ती बाई आली. टबापलीकडं उकिडवी बसली. गोष्ट संपली. मग बाईनं डावा पाय, फडक्यासकट, टबात घातला. मावशीच्या पायाशेजारी.

मावशीनं हात लावला नाही. फडकं भिजू दिलं. पाण्याला रंग आला, वास आला. बऱ्याच वेळानं तिनं नेहमीच्या सुरात विचारलं, "गाव कंचं, बाय?"

बाईनं एका गावाचं नाव घेतलं. ते मलाही ठाऊक नव्हतं. मी मावशीकडं पाहिलं. चुलतजाऊ, मावसबहीण, ट्रकवरचा दीर, कोण निघतंय त्याची वाट पाहिली. मावशीनं विचार केला आणि मान हलवली.

"तितं माजं कुणी न्हाय," ती म्हणाली.

"माजंबी न्हाय," ती बाई म्हणाली.

"मग झालं की," मावशी म्हणाली, आणि तिनं तिचा पाय हातात घेतला.

फडकं सुटल्यावर दिसलं ते जोडवं होतं. बोट सुजून त्याच्यावर दोन्ही बाजूंनी मांस चढलं होतं, चांदीची नुसती कड दिसत होती. माझ्या बॅगेतल्या कशानंही ते कापलं गेलं नसतं. मावशीनं झाडणाऱ्याला पेठेत पाठवून एका सोनाराला बोलावलं. तो बारीक पक्कड आणि कानस घेऊन आला, पाय पाहून दोन पावलं मागं सरला. मावशीनं त्याला गाव विचारलं. तो इंदापूरचाच. तरी तिनं त्याचं आजोळ काढलं आणि तो खाली बसला.

बोट बधिर करायला मी इंजेक्शन घेऊन पुढं आले आणि बाईनं मला ओळखलं. पाय आखडला. दगडासाठी हात जमिनीवर चाचपडू लागला.

"ही माजी भाची हाय," मावशी शांतपणे म्हणाली. "मागच्या येळंला चुकली ती. अजून ल्हान हाय."

माझं वय तेव्हा चौतीस. मी म्हटलं, "चुकलं माझं. परत तसं नाही करणार." तिनं माझ्याकडं खूप वेळ पाहिलं. मग पाय पुन्हा टबाच्या कडेवर ठेवला.

सोनारानं कानशीनं घासून, पक्कडीनं चिमटून जोडवं दोन जागी तोडलं. मी जखम धुतली, पू काढला, पट्टी बांधली. सोनारानं चांदीचे दोन काळे तुकडे पुसून तिच्या तळहातावर ठेवले. ते पाहता पाहता तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं, ते मला वाचता आलं नाही. नंतर तिनं ते त्यालाच परत दिले.

"ह्याचा च्या सांग समद्यांला," ती म्हणाली.

सोनारानं चहा सांगितला, वर कांदाभजी सांगितली. झाडणारा, स्टँडवरचे तीन पाव्हणे, मावशी, मी, ती बाई, सगळ्यांनी टाकीमागं बसून खाल्लं. मावशीनं भजी खाताखाता सोनाराला त्याच्या टाचेच्या भेगा दाखवून दिल्या.

त्याच संध्याकाळी बाई आमच्याबरोबर आपण होऊन गाडीत बसली. दवाखान्यात कारकुनानं फॉर्म पुढं ओढला. "नातं काय लिहू?"

"पाव्हणी," मावशी म्हणाली.

"पाहुणी हे नातं नसतं, मावशी."

"तुमच्या फारमात नसंल. लिव्हा."

त्यानं लिहिलं. तिसऱ्या दिवशी बाईनं आपलं नाव सांगितलं, वच्छला. बोट वाचलं, किंचित वाकडं राहिलं. आठवड्यातून एकदा येणाऱ्या मनोविकारतज्ज्ञांनी तिला तपासलं, गोळ्या सुरू केल्या. तिला मात्र इंदापूरलाच जायचं होतं. मावशीनं स्टँडमागं खाणावळ चालवणाऱ्या एका विधवेशी नातं जोडलं, अर्थात गावावरूनच, आणि तिथं वच्छलेला पाठीमागच्या खोलीत जागा मिळाली. ती तिथं भाकरी करू लागली. खाणावळवाली रोज सकाळी तिला गोळी द्यायची आणि म्हणायची, "हिच्या भाकरीनं माजी गिऱ्हाइकं वाढली." मधेमधे वच्छला दोन-दोन दिवस गप्प व्हायची, पुन्हा टाकीमागं जाऊन बसायची. खाणावळवाली ताट तिकडंच नेऊन द्यायची. तिसऱ्या दिवशी ती परत यायची.

मावशीचा गुरुवार मात्र सुटला नाही. बारामतीचा मंगळवार, इंदापूरचा गुरुवार. "एका पाव्हणीसाठी गेले," ती म्हणायची, "आन तितं तर समदी पाव्हणंच निघाली."

पुढं माझी दुसऱ्या जिल्ह्यात बदली झाली. वर्षभरानं सोलापूरकडं जाताना माझी एसटी इंदापूर स्टँडवर थांबली. दुपार होती, कडक उन्हाची, आणि गुरुवार. मी खिडकीतून मान बाहेर काढली.

टाकीजवळच्या बाकावर मावशी झोपली होती. काम आटोपलेलं दिसत होतं. टब पालथे घातलेले, तोंड उघडं, एक हात खाली लोंबत. आसपास पाच-सहा जण जमिनीवर बसले होते, धुतलेले पाय समोर पसरून, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पत्र्याच्या छपराची सावली सरकत सरकत बाकावरून उतरली होती आणि ऊन मावशीच्या तोंडावर येऊ पाहत होतं. तिथं वच्छला उभी होती. केस विंचरलेले, हिरवी साडी. ऊन जसं सरकेल तशी ती अर्धं पाऊल सरकत होती, म्हणजे तिची सावली मावशीच्या तोंडावरून हलू नये.

मी उतरावं म्हणून उठले. वच्छलेनं मला पाहिलं. ओळखलंही, कारण हसली. मग तिनं बोट ओठांवर ठेवलं.

मी बसले. आमच्या कंडक्टरचा हात घंटीच्या दोरीकडं गेला होता. त्यानं बाकाकडं पाहिलं, दोरी सोडली, आणि तळहातानं गाडीच्या पत्र्यावर हलकेच दोनदा थोपटलं. ड्रायव्हरनंही गाडी तशीच, हळू, आवाज न करता स्टँडबाहेर काढली.